पारसिकच्या अलीकडे

बावीस डबे. राखाडी, चपातीच्या डब्याएवढे,
टपावर पट्टीने आवळलेले.
सात टेम्पो, चार शाळेच्या बस,
रबाळ्याच्या खदानीतले पाच डंपर,
दोन रुग्णवाहिका, एक मासळीची गाडी
आणि हसुराम मढवींचे तीन टँकर.

एक डबा पहिल्याच दिवशी परत आला.
"हा आमचं डिझेल मोजतो," ड्रायव्हर म्हणाला.
नाही हो, हा नुसता बोलतो,
शेजारच्या गाडीशी, अडीचशे मीटरपर्यंत.
मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, कोणाचं बिल नाही.
"आणि गाड्या काय बोलणार?"
रबाळे नाक्यावर ऑइल सांडलंय. एवढंच.
त्याने डबा परत लावला, पण उलटा.

माझा नियम सोपा होता, आणि मला फार आवडायचा:
ज्याच्या हाती निरोप, त्याने आजूबाजूला पाहावं
आणि मुक्कामाला जो सर्वांत जवळ, त्याच्या हाती द्यावा.
कागदावर याच्याइतकं शहाणं काही दिसत नाही.

मंगळवार, दुपारी तीन वाजून बारा.
निरोप नाक्यावरून निघाला.
जायचं होतं मुंब्रा बायपासवरच्या रुग्णवाहिकेकडे.
टेम्पोने बसला दिला, बसने डंपरला.
डंपर खदानीत उभा, डोंगराच्या पायाशी,
अलीकडच्या सगळ्यांत मुंब्र्याला जवळचा.
समोर पारसिक.
पलीकडे, काळ्या दगडाच्या पलीकडे,
सरळ रेषेत अगदी थोडक्यावर
रुग्णवाहिका.
डंपरने आजूबाजूला पाहिलं. त्याच्याहून जवळ कोणीच नव्हतं.
तो सर्वांत जवळ होता
आणि पोचलेला नव्हता.
बाराव्या सेकंदाला निरोप मेला.
माझ्या वहीत त्यासाठी एक रकाना आहे.
त्या आठवड्यात त्यात एकतीस फुल्या.

हसुराम मढवी टँकरच्या सावलीत जेवत होते,
सुकट आणि तांदळाची भाकरी.
मी लॅपटॉप पुढे केला:
डोंगराला चिकटलेला लाल ठिपका.
हात ओले, म्हणून त्यांनी हनुवटीनेच दाखवलं.
"याला कोनी सांगितला डोंगरात जायाला?"
मीच.
"जवल हाय म्हंजे वाटंवर हाय, असा नाय, मॅडम.
कलव्यात जाम. मंग मुंब्र्याला जायाचा त
आधी म्हाप्याला जावा लागतंय, पाठमोरा,
मंग घाट, मंग शीलफाटा.
आनि डंपरला कशाला देतंस? तो बसलाय.
चालत्याला दे. तुझ्या बाजूनं चाललाय, त्याला."

रात्री ऐरोलीच्या खोलीवर नियम पुसला.
नवा लिहिला, ओबडधोबड:
अंतर नको, रस्ता मोज.
वेग बघ, तोंड कुठे आहे ते बघ,
आणि हा शेजारी अजून किती सेकंद शेजारी राहील, ते.
ज्याची सोबत लगेच तुटणार
तो कितीही जवळचा असो, सोड.
दूर जाणाऱ्यावरही कधीकधी विसंब.
आणि कोणीच नसेल तेव्हा...
हे त्यांनी बोलून नाही सांगितलं.
दुसऱ्या दिवशी मी टँकरमध्ये शेजारी बसले होते,
महापेचा चढ, रिकामी टाकी ठणठण वाजतेय,
मागेपुढे आपला एकही डबा नाही,
आणि ते आपले चाललेत, दुसऱ्या गिअरमध्ये.
तेव्हा: निरोप टाकायचा नाही.
पोटाशी धरून चालायचं, पुढचं कोणी भेटेस्तोवर.

पोचायला आता वेळ लागतो. कधी वीस मिनिटं.
गाईडना हा आकडा आवडलेला नाही.
ते म्हणतात, एवढ्यात तर चालत जाता येईल.
येत नाही, सर. मध्ये डोंगर आहे.

शुक्रवारी, रात्री नऊ चाळीसला,
टँकर क्रमांक दोनने निरोप शीळफाट्याला उतरवला,
मासळीच्या गाडीने उचलला,
आणि मुंब्र्यावर ठिपका हिरवा झाला.
मी खोलीत एकटीच ओरडले.
मग फोन केला.
रुग्णवाहिका उभी होती, दार उघडं,
ड्रायव्हर चहाला गेलेला.
निरोप पोचला होता. ऐकायला कोणी नव्हतं.

त्यासाठी वहीत
अजून रकाना आखलेला नाही.